कोरा कागद कोरा राहत नाही

माझ्या कपाटात सात वह्या आहेत. सातही वह्यांचे पहिले पान फाडलेले आहे आणि पुढची सगळी पाने कोरी आहेत. पहिली वही मी नोकरीला लागलो त्या वर्षी जुन्नरच्या बाजारपेठेत घेतली आणि सातवी निवृत्त झालो त्या महिन्यात. रोज रात्री पानभर लिहायचे, दिवसभरात जे पाहिले, जे ऐकले ते नोंदवून ठेवायचे, असा निश्चय प्रत्येक वेळी केला. पहिल्या रात्री लिहिले. सकाळी वाचले, आवडले नाही, पान फाडले. एकदा पान फाडले की वही विद्रूप दिसते आणि विद्रूप वहीत लिहायला मन घेत नाही. मग वही कपाटात जाते.

हे नुसते आळसाचे प्रकरण असते तर त्यावर लिहिण्याचे कारण नव्हते. मी आळशी नाही. तेहतीस वर्षे आंबेगाव तालुक्यातल्या शाळांत मराठी शिकवली. मुलांच्या निबंधांचे गठ्ठे घरी आणून रात्री बारा-बारापर्यंत तपासले. पण स्वतः लिहायची वेळ आली की हात थांबायचा. या थांबण्याला मी मनातल्या मनात एक भारदस्त नाव दिले होते: चोखंदळपणा. जे उत्तम नाही ते लिहूच नये, तो कागदाचा, वाचकाचा आणि भाषेचा अपमान आहे, असे मी स्वतःला सांगत असे. ही भूमिका ऐकायला नैतिक वाटते. ती खरोखरच नैतिक आहे का, एवढाच या लेखाचा प्रश्न आहे.

माझा चोखंदळपणा आला कुठून, हे आधी सांगितले पाहिजे. आमच्या घरात दखनी बोलत. अब्बा दुकानात मराठी बोलायचे, घरात दखनी, आणि कुरआन अरबीत पढायचे. मी शाळेत मराठी शिकलो ती परक्याची म्हणून नव्हे. गल्लीतल्या सगळ्या पोरांचीच ती भाषा होती. तरीही चौथीत असताना शुद्धलेखनात माझी एक वेलांटी चुकली तेव्हा गुरुजी हसून म्हणाले, 'चालायचंच, यांच्या घरी मराठी नाही.' माझ्या शेजारच्या मुलाच्या पाच चुका होत्या. त्याच्या चुका त्याच्याच राहिल्या, माझी एक चूक मात्र माझ्या घराची झाली. पुढे मराठीचा शिक्षक झालो तेव्हा उलटा अनुभव येऊ लागला. सभेत बोललो की कोणीतरी कौतुकाने म्हणायचे, 'सर, तुम्ही मराठी किती छान बोलता हो!' म्हणणाऱ्याचा हेतू चांगला असे. पण त्या कौतुकातही जुनीच वेलांटी लपलेली असे. माझ्यासारख्या अनेक वाचकांना हा अनुभव नवा नाही. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा आपली भाषा मराठी आहे हे आपण मोकळेपणाने सांगू लागलो. पण भाषा आपली म्हणणे वेगळे आणि तिच्यात बिनधास्त चुका करणे वेगळे. आपल्या घरात माणूस धडपडला तरी लाजत नाही. मी मात्र आयुष्यभर मराठीत पाहुण्यासारखा सावरून बसलो.

या सावरून बसण्याची किंमत मी एकट्याने मोजली असती तर ठीक होते. पण तसे झाले नाही.

माझ्या एका शाळेत एक शिपाईकाका होते. ते मूळचे आंबेगावचे, म्हणजे ज्या गावावरून तालुक्याला नाव पडले त्याच आंबेगावचे. बाहेरच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल, की तालुक्याचे नाव आजही आंबेगाव असले तरी कचेरी घोडेगावला आहे आणि ते मूळ गाव घोड नदीवरच्या डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले आहे. उन्हाळ्यात पाणी फार खाली गेले की जुन्या देवळांचे दगड वर येतात. काका मधल्या सुट्टीत व्हरांड्यात बसून मला त्यांचे गाव गल्लीगल्लीने सांगायचे. पेठ कुठून सुरू होई, बाजाराच्या दिवशी डोंगरातली माणसे हिरडा घेऊन कुठे बसत, मोहरमचा ताबूत कोणाच्या ओट्यापुढे थांबे, कोणत्या घरातून त्याला पाणी वाहत. शेवटच्या वर्षी घरे सोडताना लोकांनी दाराच्या चौकटी काढून बैलगाडीत घातल्या, हे सांगताना ते एकदम गप्प होत.

मी त्यांना म्हणायचो, 'काका, हे सगळं लिहून काढायचंय मला. पण नीट लिहायचंय. सुट्टी लागू द्या.' अशा पंधरा उन्हाळी सुट्ट्या लागल्या. प्रत्येक सुट्टीत मी सुरुवातीचे वाक्य शोधत राहिलो. एका भाद्रपदात काका गेले. मयतीला गेलो तेव्हा त्यांच्या थोरल्या मुलाने विचारले, 'सर, बाबा म्हणायचे तुम्ही आमच्या गावाचं पुस्तक लिहिताय. झालं का?' मी खाली मान घालून 'चालू आहे' म्हणालो. ते खोटे होते. चोखंदळपणाने मला मयतीच्या दारात खोटे बोलायला लावले, तेव्हा त्याच्या नैतिकतेविषयी मला पहिल्यांदा शंका आली.

त्याच काळात अफनासी निकितिनची प्रवासहकीकत पुन्हा हातात आली. जुन्नरच्या माणसाला हे नाव माहीत असायला हवे, कारण आपल्या गावाचे डोळ्यांनी पाहून केलेले जे जुने वर्णन उरले आहे, त्यात त्याचे वर्णन मोलाचे आहे. निकितिन रशियातल्या व्होल्गाकाठच्या त्वेर शहराचा व्यापारी. १४७० च्या सुमारास तो इराण, होर्मुझ, मस्कत करत चौलच्या बंदरात उतरला आणि तिथून घाट चढून जुन्नरला आला. वास्को द गामा कालिकतला पोचण्याच्या जवळजवळ तीस वर्षे आधीची ही गोष्ट. जवळ विकायला आणलेला एक घोडा होता. त्या एका घोड्यावर त्याने शंभर रूबल खर्च केले होते.

हा माणूस लेखक नव्हता. त्याच्याकडचे धर्मग्रंथ वाटेत लुटारूंनी नेले, त्यामुळे सणवारांचा हिशेब चुकला, ईस्टर केव्हा येतो हेही त्याला अंदाजानेच ठरवावे लागे. महिनाभर त्याने मुसलमानांबरोबर उपवासही पाळले. त्याची भाषा म्हणजे रशियन, तुर्की, फारसी आणि अरबी यांची खिचडी. एखादे वाक्य एका भाषेत सुरू होते आणि दुसरीत संपते. पण जुन्नरविषयी तो काय लिहितो पाहा. गाव दगडी खडकावर आहे, तो खडक माणसाने घडवलेला नाही, देवाने निर्मिला आहे; वर जायची वाट इतकी अरुंद की एका वेळी एकच माणूस चढू शकतो. हे वर्णन शिवनेरीचे, हे आपल्याला कोणी सांगावे लागत नाही. चार महिने रात्रंदिवस पाऊस आणि जिकडेतिकडे चिखल; त्याच दिवसांत लोक नांगरतात आणि पेरतात. शिवाजी महाराजांचा जन्म शिवनेरीवर १६३० मध्ये झाला. त्याच्याही दीडशे वर्षे आधीचा जुन्नरचा पावसाळा आपल्याला एका घोडेविक्याच्या मोडक्यातोडक्या टिपणांतून दिसतो.

या टिपणांत आपल्याला न आवडणाऱ्या गोष्टीही आहेत. जुन्नरचा अधिकारी असदखान याला निकितिन मुसलमान नाही हे कळले तेव्हा त्याने घोडा अडकवून ठेवला. धर्म बदललास तर घोडाही देईन आणि हजार मोहराही, नाही तर घोडा जाईल आणि वर हजार मोहरांचा दंड पडेल, असे सांगून चार दिवसांची मुदत दिली. निकितिन घाबरला. तेवढ्यात महंमद नावाचा एक खोरासानी ख्वाजा गावात आला. निकितिनने त्याच्यापुढे हात जोडले. ख्वाजा खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. धाक घालणाराही मुसलमान आणि सोडवणाराही मुसलमान. निकितिनने दोघांचीही नोंद केली. इतिहास सांगणारे पुष्कळदा दोघांपैकी सोयीचा तेवढा एकच ठेवतात. निकितिनला तशी काटछाट करायची उसंत नव्हती आणि अक्कलही नव्हती, म्हणून आपल्याला दोघेही मिळाले.

निकितिन घरी पोचला नाही. परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्क येण्याआधीच तो वारला. त्याचे लिखाण व्यापाऱ्यांच्या हातून १४७५ मध्ये मॉस्कोला गेले आणि तिथल्या बखरींत उतरवले गेले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी करमझिन या इतिहासकाराला ते जुन्या हस्तलिखितांत सापडले. लिखाणाचा शेवटचा उतारा अल्लाहच्या नावांनी भरलेली प्रार्थना आहे. अरबी ऐकून रशियन लिपीत उतरवलेली, उच्चार मोडलेले. तो मुसलमान झाला होता की नाही, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. मला त्या मोडक्या उच्चारांत चौथीतली माझी वेलांटी दिसली. याने वेलांटी सुधारेपर्यंत वाट पाहिली असती तर तो वाटेतच मेला असता आणि त्याच्याबरोबर त्याचे जुन्नरही.

इथे एक आक्षेप येतो आणि तो टाळून चालणार नाही. अर्धवट, घाईचे, चुकीचे लिखाण करून जगात चुका वाढवायच्या का? निकितिनच्या टिपणांत चोचीतून आग ओकणारा पक्षी आहे. सैन्य बाळगणारा माकडांचा राजा आहे. राग आला की तो सरसकट शिव्याही देतो. हे सगळे शेकडो वर्षे टिकले, ते चांगले झाले का? आक्षेप खरा आहे. लिहिणे ही जबाबदारी आहे आणि ज्याला जे सुचेल ते त्याने कागदावर ओतावे, असे मी म्हणत नाही.

पण आपण दोन गोष्टींची गल्लत करतो. निर्दोष असणे वेगळे आणि प्रामाणिक असणे वेगळे. निर्दोष होणे आपल्या हातात नाही. ते कमाल फक्त अल्लाहचे, असे आपले बुजुर्ग सांगत आले. प्रामाणिक राहणे मात्र रोज आपल्या हातात असते. डोळ्यांनी पाहिले ते पाहिले म्हणून लिहावे, कानावर आले ते ऐकीव म्हणून लिहावे, आठवत नाही तिथे जागा सोडावी. एवढे पथ्य पाळले तर वाक्य ओबडधोबड असले तरी त्यात पाप नाही. उलट सुबक वाक्याच्या नादात माणूस खरे तेवढे ठेवायचे विसरतो आणि शोभेल ते लिहितो, हे मुलांच्या निबंधांत मी हजारदा पाहिले. 'रम्य पहाट' लिहिणाऱ्या मुलाने पहाट पाहिलेली नसते. 'बाप दारू पिऊन आला म्हणून अभ्यास राहिला' असे लिहिणाऱ्या मुलाच्या चार ओळींत सहा चुका असतात, पण तो खोटे बोलत नसतो. मी त्या सहा चुकांखाली लाल रेघा ओढल्या. त्याला जवळ घेऊन एक शब्द बोललो नाही. आज त्याची लाज वाटते.

आता दुसरी बाजू पाहा. असदखान ज्याच्या हाताखाली होता तो बहमनी राज्याचा वजीर महमूद गावान. निकितिन पुढे बिदरला गेला तेव्हा सत्तेची सूत्रे याच गावानकडे होती. फारसी गद्याचा हा मोठा उस्ताद. त्याच्या पत्रांचा संग्रह 'रियाझुल इन्शा' प्रसिद्ध आहे आणि पत्र कसे लिहावे यावर त्याने 'मनाझिरुल इन्शा' हा ग्रंथही लिहिला. बिदरला त्याने बांधलेल्या मदरशाचे अवशेष आजही उभे आहेत. शब्दाची एवढी पारख असलेला हा माणूस मेला कसा? फरिश्त्याने दिलेली हकीकत अशी, की त्याच्या वैऱ्यांनी मुद्रा सांभाळणाऱ्याला फितवून एका कोऱ्या कागदावर गावानची मुद्रा उठवून घेतली. मग त्या कागदावर ओरिसाच्या राजाला बहमनी राज्यावर चालून येण्याचे आमंत्रण लिहिले आणि ते सुलतानाला दाखवले. १४८१ मध्ये सुलतानाने त्याचा शिरच्छेद करवला.

ही गोष्ट मी वर्गात अनेकदा सांगितली होती, पण तिचा अर्थ मला फार उशिरा उमगला. आपण लिहिले नाही म्हणून आपला कागद कोरा राहत नाही. त्यावर आपले नाव आणि आपली मुद्रा जन्मापासून असतेच. मुसलमान म्हटले की आडनावाबरोबरच ती उठलेली असते. आपण काही लिहिले नाही तर खाली दुसरा कोणीतरी लिहितो आणि लोक मुद्रा पाहून विश्वास ठेवतात. आपल्या मोहल्ल्यांत काय शिजते, आपल्या बायका काय विचार करतात, आपल्या पोरांच्या मनात काय आहे, यावर बाहेर ढीगभर लिहिले जाते. त्यातले पुष्कळसे लिहिणारे आपल्या उंबऱ्याच्या आत कधी आलेले नसतात. त्याबद्दल आपण तक्रार करतो आणि ती रास्तही आहे. पण माझ्या कपाटातल्या सात कोऱ्या वह्यांबद्दल तक्रार कोणाकडे करायची? ते कोरेपण माझ्यावर कोणी लादले नव्हते. गुरुजींनी एकदा हसून जे दार लोटले होते, ते मी पन्नास वर्षे आतून कडी घालून बंद ठेवले.

आणि मग चोखंदळपणाचे खरे रूप दिसू लागले. मी त्याला नम्रता समजत होतो. 'आपल्याला कुठे येतं लिहायला' असे म्हणणारा माणूस नम्र दिसतो. पण त्याच्या मनात असते ते असे, की मी लिहीन तर असे लिहीन की कोणाला बोट ठेवायला जागा मिळणार नाही. ही नम्रता नाही, हा गुरूर आहे. फक्त तो भित्रा आहे म्हणून ओळखू येत नाही. खरा नम्र माणूस चुकतो, दुरुस्त करतो आणि उद्या पुन्हा लिहायला बसतो.

लिहायचे ठरले, पण रोज लिहायचे कसे? इथे मला माझ्या गावाच्या कारागिरांनी मदत केली. जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. पेशवाईच्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला जाई, आणि तो बनवणारे कागदी हे मुसलमान होते. हातकागदाची रीत थोडक्यात अशी: चिंध्या, गोणपाट, जुने कागद भिजवून, कुटून, धुऊन त्यांचा लगदा करायचा, तो पाण्याच्या हौदात कालवायचा आणि चाळणीसारख्या साच्याने एकेक ताव उचलायचा. ताव वाळला की त्याला खळ लावायची आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे, म्हणजे शाई फुटत नाही. दोन ताव कधी अगदी सारखे येत नाहीत. कुठे जाड, कुठे विरळ, कुठे चिंधीचा धागा तसाच दिसतो. तरी कारागीर हौदाशी उभा राहून बिनचूक तावाची वाट पाहत नसे. तो दिवसाचे ताव उचलत असे. घोटायचे काम नंतरचे, आणि तेही बेताने. घोटतच बसले तर ताव फाटतो. मी नेमके उलटे करत होतो. ताव उचलण्याआधीच घोटायला बसत होतो.

दुसरा धडा ख्वाजा अहमद अब्बास यांचा. निकितिनच्या प्रवासावर भारत आणि सोव्हिएत संघ यांनी मिळून १९५७ मध्ये 'परदेसी' हा चित्रपट काढला, त्याच्या दिग्दर्शकांपैकी ते एक. पण मला त्यांचा हेवा वाटतो तो साप्ताहिक सदरासाठी. १९३५ मध्ये 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये सुरू झालेले 'लास्ट पेज' पुढे 'ब्लिट्झ'मध्ये गेले आणि १९८७ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत चालले. बावन्न वर्षे दर आठवड्याला लिहायचे म्हणजे प्रत्येक आठवड्याला उत्तम कसे साधणार? काही पाने सामान्य उतरणारच. पण सामान्य आठवड्याला घाबरणाऱ्याच्या वाट्याला चांगला आठवडाही येत नाही.

आठवी वही मी घेतली नाही. कपाटातली पहिलीच काढली, पहिले पान फाडलेली. स्वतःला तीन नियम घातले. रोज रात्री इशाच्या नमाजनंतर एक पान. पान फाडायचे नाही, चुकले तर वरून रेघ मारून पुढे जायचे. आणि समासात खूण करायची, पाहिलेले की ऐकलेले. पहिल्या रात्री लिहिले ते शिपाईकाकांचे आंबेगाव, जेवढे आठवत होते तेवढे. पेठ, ओटे, ताबूत, बैलगाडीतल्या चौकटी. भाषा रुक्ष झाली. एक वाक्य तर कर्त्यावाचूनच राहिले. पान तसेच ठेवले. चाळीस दिवसांत बावीस पाने झाली. अठरा रात्री चुकल्या, तेही लिहून ठेवले.

मग घोडेगावला जाऊन काकांच्या मुलाला ती पाने दिली. मला माफी मागायची होती. तो तिथेच ओट्यावर बसून वाचू लागला. तिसऱ्या पानावर थांबला आणि म्हणाला, 'सर, हे चुकलंय. विहीर देवळाच्या मागे नव्हती, पुढे होती. मागे आमचा गोठा होता.' माझ्या पोटात गोळा आला. पन्नास वर्षे ज्या वाक्याला भीत होतो ते अखेर कानावर पडले होते. पण तो थांबला नव्हता. गोठ्यावरून तो बैलांवर आला, बैलांवरून बाजारावर, आणि आत हाक मारून म्हणाला, 'आई, बाहेर ये. सर आपलं गाव लिहितायत, पण विहीर चुकवलीय त्यांनी.' म्हातारी बाहेर आली. तिच्या म्हणण्याप्रमाणे विहीर देवळाच्या पुढेही नव्हती, उजव्या अंगाला होती. मायलेकांचा वाद सुरू झाला. मी खिशातून पेन काढले आणि समासात लिहायला लागलो.